मुक्तास पत्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला. तू अंतिम फेरीसाठी निघण्यापूर्वी हे पत्र मिळावे म्हणून दादाबरोबर पाठवतो आहे. महाविद्यालयाच्या त्या सर्व्हरचा विषय काढायचा नाही, असे ठरवूनच लिहायला बसलो आहे.

‘कॅप्चर द फ्लॅग’ म्हणजे काय हे मला तूच शिकवलेस: आयोजकांनी मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या प्रणालीत शिरायचे आणि तिथे लपवलेली अक्षरांची ओळ शोधून गुण मिळवायचे. डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत ही स्पर्धा १९९६ पासून होते आणि २०१९ मध्ये रशियातील कझानच्या वर्ल्डस्किल्स या जागतिक कौशल्य स्पर्धेत सुतारकाम व वेल्डिंग यांच्या पंगतीत सायबर सुरक्षाही बसली, हे वाचून मला फार बरे वाटले. तुझे काम हातावर बसलेला कसब आहे, हे मी आता नातेवाइकांना ठणकावून सांगतो.

परंतु तिथली कुलुपे उघडण्यासाठीच लावलेली असतात. महाविद्यालयाच्या निकालांचे कुलूप तसे नव्हते.

पाहा, विषय निघालाच. तू सात वर्षांची असताना मावशीच्या बॅगेचे तीन आकडी कुलूप ०००पासून एकेक आकडा फिरवत दुपारभर बसून उघडलेस, आतल्या कशालाही हात न लावता धावत येऊन तिला सांगितलेस, आणि आम्ही सगळे हसलो. विचारून उघडलेस का, असे त्या दिवशी कोणीच विचारले नाही, मीही नाही.

नोकरी देणारे केवळ क्रमांक पाहत नाहीत, म्हणून सुटलेल्या प्रत्येक कोड्याचे टिपण, फसलेल्या वाटांसकट, त्याच रात्री लिही. जिथे स्वतःचा सर्व्हर सांभाळत दुसऱ्याचा भेदायचा असतो, त्या प्रकारच्या फेऱ्या अधिक खेळ, कारण पुढे पगार बहुधा भगदाड बुजवण्याचाच मिळेल. आणि परवानगी नेहमी लेखी घे, तिच्या मर्यादा दोनदा वाच, तोंडी होकारावर... असो. पुन्हा व्याख्यान झाले, क्षमा कर. यातले निम्मे मी तुझ्याच टिपणांतून शिकलो आहे.

तुझ्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र सर्व्हरच्या नोंदींमध्ये फक्त कोण, कधी आणि कुठून आले एवढेच उरते, हेतू उरत नाही, आणि हा विचार मला रात्री झोपू देत नाही.

निकालांच्या सर्व्हरमधली ती त्रुटी तू महाविद्यालयाला अजून कळवली नसशील, तर परत आल्यावर आपण दोघे मिळून पत्राचा मजकूर तयार करू. सोबत मीही येईन. फेरी संपल्यावर फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझा,
बाबा