ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांची पहिली बैठक : रविवार, सकाळी १० वाजता

सर्वांना नमस्कार.

अमळनेर आणि आसपासच्या गावांतल्या आपण पालकांनी दर महिन्याला एकदा एकत्र बसायचं ठरवलं आहे. पहिली बैठक येत्या रविवारी, कॉलनीतल्या विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात.

मागच्या महिन्यात जळगावहून थेरपी करून परतताना एसटीत एक ताई भेटल्या. हॉर्न वाजला की त्यांचं लेकरू कान घट्ट दाबून सीटखाली शिरायचं आणि त्या शेजारच्यांची माफी मागत राहायच्या. मीही वर्षानुवर्षं तेच करत आले. अमळनेर येईपर्यंत आम्ही बोलत होतो. इतकं मोकळं मी घरातही कधी बोलले नव्हते.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. ज्यांनी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं आहे त्यांनी कागदपत्रांच्या झेरॉक्स आणाव्यात, म्हणजे बाकीच्यांना अर्ज भरणं सोपं जाईल.

मुलांना खुशाल आणा, माइक लावणार नाही. वडिलांनीही यावं, हे मुद्दाम सांगते. आजी-आजोबा आले तर फारच छान. अहिराणीत बोला, मराठीत बोला. वर्गणी नाही.

येणाऱ्यांनी शनिवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कळवा.