मेथडचं नाव न सांगणाऱ्या दादाला थँक्यू

दादा, हे सगळ्यांसमोर लिहितोय कारण माझ्यासारखे अडकलेले अजून बरेच असणार.

पायथनमधून एक्सेल चालवायचं होतं, विन३२कॉम या (विंडोजवरचे प्रोग्राम पायथनमधून चालवायच्या) लायब्ररीने एक्सेल उघडलं, पुढे काय काय करता येतं ते बघायला नेहमीसारखं डिर (आतली नावं दाखवणारं पायथनचं फंक्शन) मारलं तर अंडरस्कोअरवाली कसलीतरी आतली नावं, कामाचं काहीच नाही (विन३२कॉम ज्या पॅकेजमधून येतं ते पायविन३२ आमच्याकडे जुनं आहे, नवीन व्हर्जनमध्ये डिर बऱ्यापैकी सांगतं म्हणे). तुला विचारलं तेव्हा मला फक्त शेवटची भरलेली ओळ शोधायची मेथड (एक्सेलला द्यायची कमांड) हवी होती. तू ती पटकन सांगून मोकळा झाला असतास तरी चाललं असतं, पण तू आधी हे समजावलंस की पायथनकडे खरी यादी नसतेच, लेट बाइंडिंगमध्ये तो प्रत्येक नाव रन होताना एक्सेलला विचारतो, असं काही आहे का तुझ्याकडे, म्हणूनच स्पेलिंग चुकलं तरी ती ओळ चालेपर्यंत कळत नाही. खरी यादी एक्सेलच्या टाइप लायब्ररीत असते, म्हणजे त्याच्या सगळ्या कमांडची नोंद असते तिथे. मग एक्सेल उघडायच्या ओळीतल्या डिस्पॅचच्या जागी विन३२कॉमच्याच जेनकॅशमधलं एन्शुअरडिस्पॅच लिहायला लावलंस, त्याने त्या लायब्ररीवरून पायथनचे क्लास तयार केले आणि डिरमध्ये मेथड्स दिसायला लागल्या! कॉन्स्टंट्स (एक्सेलचे ठरलेले आकडे) पण नावाने मिळाले, नाहीतर 'वरच्या दिशेने' सांगणाऱ्या एक्सएलअपच्या जागी -४१६२ लिहून ठेवा, सहा महिन्यांनी कोणाला कळणार ते काय आहे.

व्हीबीए एडिटरमध्ये (एक्सेलच्या मॅक्रोंचा कोड असतो तिथे) एफ२ दाबलं की ऑब्जेक्ट ब्राउझर, म्हणजे हीच यादी दाखवणारी खिडकी, उघडतो हे तर मला माहीतच नव्हतं. आणि मॅक्रो रेकॉर्ड करून कोड बघायची युक्ती, माझ्या मते नवीन माणसाला सगळ्यात भारी हीच, फक्त त्यात सिलेक्ट सिलेक्टचा कचरा फार येतो तो काढावा लागतो.

आता मित्राला रुबी या भाषेत हेच करायचं होतं तर मी त्याला ओएलई-मेथड्स (तिथे ही यादी देणारी मेथड) बघ म्हटलं, मॅकवालीला स्क्रिप्ट एडिटरमधून अ‍ॅपची डिक्शनरी (त्याच्या कमांडची यादी) उघडून दिली, दोघांना वाटतंय मला फार येतं, तुझं नाव मी सांगितलं नाही अजून :)

एन्शुअरडिस्पॅचने तयार केलेले क्लास ज्यात राहतात तो जेन-पाय फोल्डर मध्येच बिघडला तर सरळ डिलीट कर, परत तयार होतो, हे तू जाता जाता बोललेलास ते परवा कामाला आलं. त्याचं पण वेगळं थँक्यू.