मोजणीवाल्या मॅडम, तुमचे आभार मानायचे राहून गेले

मॅडम, सप्रेम नमस्कार.

घराचा व्यवहार पूर्ण झाला त्या संध्याकाळी तुम्हाला फोन केला होता, पण "झालं एकदाचं" एवढंच बोललो आणि ठेवून दिला. घसा दाटून आला होता, पुढे बोलवेना. म्हणून हे लिहितोय, आणि चार लोकांना वाचता येईल असं लिहितोय. तुमचं नाव मात्र घालत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, एवढं दोन भेटींच्या ओळखीतही कळलं.

वडील गेल्यावर ते घर ताईच्या आणि माझ्या नावावर झालं. आम्ही दोघंही लांब राहतो, बंद घर दर पावसाळ्यात आणखी खचत होतं, म्हणून काळजावर दगड ठेवून विकायचं ठरवलं. घेणारं कुटुंबही मनासारखं मिळालं. आणि बोलणी पक्की होत आली असताना शेजारचे काका कुंपणापाशी येऊन म्हणाले, "तुझ्या वडिलांनी माझी दीड फूट जागा दाबलीय. ती सोडल्याशिवाय घर विकून दाखव."

हे काका आमचे कोण, ते तुम्हाला त्या दिवशी सांगायला जमलं नाही. मला सायकल त्यांनी शिकवली. मागून सीट धरून ते पळायचे आणि वडील फाटकात उभे राहून बघायचे. दोघांमध्ये ते जास्वंदीचं कुंपण होतं, त्याच्यावरून रोज गप्पा चालायच्या, पण जागेचा विषय वडील असेपर्यंत एकदाही निघाला नाही. उत्तर द्यायला जे उरलेच नव्हते, त्यांच्यावर हा आरोप होता. तो मला गिळवेना. पुढचं दीड वर्ष मी जे वागलो, काकांशी जे बोललो, ते सगळं त्यातून आलं.

त्या दीड वर्षात मदतीला कोण कोण आलं होतं, तेही सांगतो. पहिल्या वकिलांनी जागा पाहिलीच नाही. नकाशाच्या झेरॉक्सची झेरॉक्स टेबलावर पसरली, तिच्यावर पट्टी ठेवली, आणि 'बेकायदा अतिक्रमण', 'कठोर कारवाई' अशा शब्दांनी भरलेली नोटीस धाडून दिली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातात असा कागद पडला, तर तो समजुतीला येईल की आणखी ताठेल? ते ताठले. व्यवहार जमवणारा मध्यस्थ म्हणाला, घेणाऱ्यांना हद्दीचं काही बोलू नका, सह्या झाल्या की तो त्यांचा प्रश्न. म्हणजे आमचं भांडण त्यांच्या गळ्यात मारायचं, आणि उद्या कळलं की फसवणुकीचा दावा आमच्यावर. नात्यातल्या एकाने तर रातोरात भिंत घालायचा सल्ला दिला. तुमच्या आधीही एक जण मोजणीला येऊन गेला होता. काका बाहेर गेलेत हे बघून आला, घराच्या भिंतीपासून चार मापं घेतली आणि अर्ध्या तासात कागद हातात ठेवला. काकांनी तो माझ्या डोळ्यांदेखत फाडला. घेणाऱ्या कुटुंबाने तेव्हाच "जरा थांबतो" म्हणून कळवलं.

आणि मग तुम्ही आलात. आमच्या फाटकाशी उतरलात आणि आत न येता सरळ काकांच्या दारात गेलात. खरं सांगतो, मला राग आला. बोलावलं मी, पैसे मी देणार, आणि ह्या आधी तिकडे? तुम्ही त्यांना काय म्हणालात ते कुंपणाच्या अलीकडून ऐकू आलं. "तुमच्याकडे जे जुने कागद असतील ते दाखवा. मला दोन्हीकडचे बघायचेत. आणि मोजताना तुम्ही हवे आहात, तुमच्याशिवाय मी टेप उघडणार नाही."

काका पिशवीभर कागद घेऊन आले.

नंतरचा तो क्षण मी किती जणांना सांगितला असेल, गणती नाही. तुम्ही स्टीलची टेप काढलीत आणि शून्याचं टोक काकांच्या हातात दिलंत. "काका, हे तुम्ही धरा. खुणेवर टेकवा आणि हलू देऊ नका, माझी सगळी मोजणी तुमच्या हातावर आहे." दीड वर्ष जो माणूस कुंपणापलीकडून हात उगारत होता, तो दोन्ही हातांनी टेपचं टोक धरून उकिडवा बसला. अंगठ्याचं नख दाबून पांढरं झालं होतं. दुसरं टोक माझ्याकडे. आमच्यामध्ये ती ताणलेली पट्टी, आणि तुम्ही बाजूला वाकून ती आडवी समपातळीत आहे का ते बघत होतात, कारण उतारावर जमिनीलगत मोजलं की माप थोडं जास्त भरतं. आकडा वाचायची वेळ आली तेव्हाही तुम्ही वाचला नाहीत. माझ्या मुलाला काकांच्या जागी टोक धरायला बसवलंत आणि त्यांना हाक मारलीत, "या, तुम्ही वाचा, मी लिहून घेते."

काकांनी चष्मा पुसला, वाकले आणि म्हणाले, "१२ मीटर ४०."

त्यांच्या तोंडून आरोप सोडून दुसरं काही मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ऐकत होतो. तुम्ही तेच पुन्हा उच्चारून लिहिलंत. मग पुढचं माप, त्याच्या पुढचं. दर वेळी ते वाचायचे आणि माझ्याकडे बघायचे, बरोबर ना, अशा अर्थाने. चौथ्या मापाला मी मान हलवली.

पायरीवर बसून तुम्ही आम्हाला नकाशातली रेघ दाखवलीत, तेही विसरणार नाही. १:५०० प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर. जुन्या पेनाने ओढलेली रेघच अर्धा मिलिमीटर जाड असली, तर नुसती तिची जाडी पाऊण फुटाच्या वर जाते. आम्ही भांडत होतो दीड फुटासाठी. म्हणजे निम्मं भांडण एका रेघेच्या जाडीत मावत होतं, आणि तिच्या झेरॉक्सवर पट्टी ठेवून आम्हाला नोटिसा लिहून दिल्या जात होत्या!

मोजणीत निघालं ते असं, की कुंपण तिरकं होतं. पुढे आमची थोडी जागा काकांकडे होती आणि मागच्या कोपऱ्यात जवळजवळ फूटभर त्यांची आमच्याकडे. काका अगदीच खोटं बोलत नव्हते. हे ऐकल्यावर माझा चेहरा पडला असणार, कारण तुम्ही लगेच म्हणालात, "दाबली-बिबली काही नाही. झाडं लावताना दोरी ताणली नसेल, एवढंच." काका त्यावर हळूच म्हणाले, "दोरी कुठली. मीच त्याच्याबरोबर खड्डे खणत होतो." आणि तिथेच बसून रडले. ताई त्यांच्याजवळ गेली. मी मागच्या बाजूला निघून गेलो, मला तिथे थांबवेना.

पुढची लिखापढी होत गेली. ठरलेली हद्द नकाशासकट कागदावर आली, दोन्हीकडच्या सह्या झाल्या, घेणाऱ्यांना पहिल्यापासूनची हकिगत आम्ही स्वतः सांगितली आणि ते परत आले. कोपऱ्यांवर खुणा रोवायला तुम्ही दुसऱ्यांदा आलात, त्याचे पैसे घेतले नाहीत.

मला राहून राहून वाटतं, काकांना जमीन हवी होती असं नाहीच. त्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं. तो कागद फाडण्याआधी मी स्वतः त्यांच्या दारात जाऊन "काका, या, आपण मिळून मोजू" म्हणू शकलो असतो. मी म्हणालो नाही. ते तुम्ही म्हणालात, ज्यांचं आमच्याशी काही नातं नव्हतं. आपलं काम नेटकं करणारी माणसं भेटतात. पण समोरच्याचा मान राखणं हाही आपल्या कामाचाच भाग मानणारं कुणी भेटलं, की एरवी कोर्टात जन्म काढतील अशी माणसं एका सकाळी एकत्र बसतात. हे मी पाहिलं, म्हणून सांगतोय.

नव्या मालकांचा परवा फोन आला होता. जास्वंद त्यांनी ठेवली आहे, फक्त मागच्या कोपऱ्यातली सरळ रेषेत आणून लावली. दोरी ताणून. दोरीचं एक टोक काकांनी धरलं होतं. आणि तुम्ही रोवलेल्या खुणेभोवती गवत वाढलं की ते कुणी सांगायच्या आत काका काढून टाकतात.

आपला,
त्या घरातला धाकटा मुलगा