पर्याय जाहिरातीत, कुलूप डक्टला

महोदय,

क्रमांक तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे आणि त्यामुळे कंपन्या ग्राहकाला थोड्या तरी वचकून असतात. घरच्या ब्रॉडबँडला हा वचक उरलेला नाही. जिओ, एअरटेल, बीएसएनएल आणि गल्लीतले केबलचालक अशी नावे मोजली, तर पुण्यात पर्याय भरपूर दिसतात. परंतु कोणाची केबल घरात येणार हे ग्राहक नव्हे, तर सोसायटीची समिती ठरवते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी राउटरवरचा लाल दिवा सलग नऊ दिवस लुकलुकत होता. तक्रार क्रमांक मिळत गेले, माणूस काही आला नाही. अखेर दुसऱ्या कंपनीकडे नोंदणी केली. तिचा तंत्रज्ञ शिडी आणि केबलचे भेंडोळे घेऊन आला, पण जिन्यालगतच्या डक्टला, म्हणजे केबली वर नेण्याच्या उभ्या पोकळीला, कुलूप होते आणि त्याची किल्ली सोसायटीच्या कार्यालयात नसून पहिल्या कंपनीच्या माणसाकडे होती. चौकशीअंती कळले, की इमारतीत केवळ त्याच कंपनीची केबल फिरेल असा करार समितीने केला असून, त्या बदल्यात कार्यालयाला व सीसीटीव्हीला फुकट जोडणी आणि वर्षाकाठी काही रक्कम मिळते. ही रक्कम मला ताळेबंदात ‘इतर जमा’ या सदराखाली सापडली. ती शेवटी कोणाच्या मासिक बिलातून वसूल होते, हे सांगायला हिशेबतपासनीस लागत नाही.

समितीची बाजू अगदीच पोकळ नाही. प्रत्येक कंपनीने आपापली भोके पाडायची आणि गच्चीवरून वायरींची जाळी सोडायची, हे कोणालाच नको असते. मात्र त्यावर उपाय एकाला मक्ता देणे हा नव्हे. तळमजल्यापासून प्रत्येक सदनिकेपर्यंतची फायबर सोसायटीने स्वतःच्या मालकीची टाकावी आणि ग्राहक निवडेल त्या कंपनीने खाली जोडणी द्यावी, म्हणजे भिंतीही वाचतील आणि निवडही. बिनतारी सेवेने हा प्रश्न सुटेल असे काही जण म्हणतात. जिओची एअरफायबर सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू झाली खरी, पण तिचे यंत्र गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर लावायचे, तर परवानगीसाठी पुन्हा त्याच समितीचा दरवाजा ठोठवावा लागतो.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जानेवारी २०१७ मध्येच शिफारस केली होती, की इमारतीतील सुविधा सर्व सेवादात्यांना भेदभावाविना वापरू द्याव्यात आणि इतरांना मज्जाव करणारे करार परवान्याच्या अटींचा भंग मानावेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे विनियमही आले. पण ते मानांकन ऐच्छिक आहे, आणि मक्त्याचे पैसे घेणारी समिती त्यासाठी आपण होऊन अर्ज करील, असे मला वाटत नाही.

सहकारी सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हायच्या आहेत. आमच्या सभेसाठी मी दोन ठराव दिले आहेत: इंटरनेट कंपनीशी झालेला करार सभासदांसमोर वाचून दाखवावा आणि डक्टची किल्ली कार्यालयात जमा व्हावी. अन्य सोसायट्यांतील वाचकांनीही आपल्या डक्टची किल्ली कोणाकडे आहे, हे एकदा विचारून पाहावे.

आपला,
एक सभासद, हडपसर, पुणे