आई-बाबा, यंदा मत देण्याआधी एवढं वाचा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

कुणाला मत द्या हे सांगायला हे पत्र लिहीत नाही. तो निर्णय तुमचा, आणि त्याची जबाबदारीही तुमचीच. निवडून आलेल्याने पाच वर्षं काही केलं नाही तर दोष त्याचा असतोच, पण त्याला आधी पारखून घ्यायची सोय आपल्याला लेखी आणि फुकट मिळालेली असते. ती न वापरता नंतर ‘सगळे सारखेच’ म्हणणं मला पटत नाही. सगळे सारखे नसतात. कागद वाचले की फरक दिसतो.

मुख्य कागद म्हणजे उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र. उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ च्या निकालात सांगितलं. तेव्हापासून लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला ‘नमुना २६’मध्ये शपथेवर माहिती द्यावी लागते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मतदारसंघ निवडला की ते उघडतं. पानं पुष्कळ असतात, म्हणून आधी शेवटचा ‘भाग ब’ वाचा, तो गोषवारा असतो. मग मागे येऊन गुन्ह्यांचा तक्ता बघा.

बाबा, या तक्त्यात नुसता आकडा मोजू नका. दहा गुन्हे असलेला माणूस आंदोलनांत रस्त्यावर बसलेला असू शकतो आणि एकच गुन्हा असलेल्यावर खुनाच्या प्रयत्नाचा आरोप असू शकतो. कलम बघा. जुन्या भारतीय दंड संहितेतलं १४३ म्हणजे बेकायदा जमाव, ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न, ४२० म्हणजे फसवणूक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने नव्या गुन्ह्यांत हीच कलमं अनुक्रमे १८९, १०९ आणि ३१८ अशी दिसतील, तेव्हा गोंधळू नका. त्याच तक्त्यात दोषारोप निश्चित झाले का आणि कधी, हेही असतं. नुसती तक्रार कुणीही करू शकतो. न्यायालयाने दोषारोप निश्चित केले म्हणजे खटला चालवण्याइतकं प्रथमदर्शनी काही तरी सापडलं आहे. दोष सिद्ध झाला असा त्याचा अर्थ नाही, पण ते दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. आणि पक्षाने अशा माणसाला तिकीट का दिलं, याची कारणं पक्षानेच जाहीर करायची असतात. ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढं एकच कारण चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये बजावलं आहे. ती कारणं शोधून वाचा. पक्ष मतदाराला किती गंभीरपणे घेतो ते त्यातून कळतं.

मालमत्तेचं वाचन जरा अवघड. मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवलं तरच त्याचा उपयोग. वाढलेला आकडा बघून लगेच चिडू नका, वडिलोपार्जित जमिनीचा बाजारभाव चढला तरी एकूण आकडा फुगतो. म्हणून खरेदीची तारीख आणि खरेदीची किंमत हे रकाने बघा. नवी खरेदी किती, आणि पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांत दाखवलेल्या उत्पन्नात ती बसते का? जोडीदाराचे आणि अवलंबून असलेल्यांचे रकानेही वाचा, कारण वाढ अनेकदा तिथे असते. थकबाकी आणि सरकारी कंत्राटं यांचीही माहिती असते. एकही रकाना कोरा सोडता येत नाही, निदान ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहावंच लागतं.

आता आश्वासनांकडे. इथे मन सगळ्यात जास्त वाहून जातं, म्हणून इथे कागद-पेन्सिल घ्या. एक कोटी लोकांना महिन्याला हजार रुपये म्हणजे वर्षाला १२ हजार कोटी. ते येणार कुठून? नवा कर, दुसऱ्या खर्चाला कात्री किंवा कर्ज, याच मुख्य वाटा. कर्ज घेतलं तर त्याचं व्याज पुढच्या प्रत्येक अर्थसंकल्पात आधी बाजूला काढावं लागतं आणि उरलेल्यातून शाळा, दवाखाने चालतात. योजना वाईटच असते असं मी म्हणत नाही. गरजूच्या हाती थेट पैसा पोचणं फार मोलाचं असतं. पण पैसा कसा उभा करणार हे जाहीरनाम्यात ढोबळमानाने तरी सांगावं, अशी अपेक्षा आदर्श आचारसंहितेतच आहे. ते सांगणारा पक्ष कटू बोलतो म्हणून त्याला नाकारू नका, आणि गोड बोलून ते टाळणाऱ्याला सूट देऊ नका. आपल्याला फायदा होणार असेल तेव्हा तर हा हिशेब जास्तच कडकपणे करा.

निवडणूक कशाची आहे हेही तपासा. नळाचं पाणी, गटारं, रस्त्यावरचे दिवे ही नगरपालिका-महापालिकेची कामं. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत असे १८ विषय आहेत. पोलीस, सरकारी रुग्णालयं आणि शेती राज्याकडे, संरक्षण आणि रेल्वे केंद्राकडे. सीमेवरच्या भाषणाने भारावून नगरसेवक निवडला की नळाचा प्रश्न तसाच राहतो. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपयांपर्यंतची कामं सुचवता येतात, पण त्याचं खरं काम सभागृहात आहे. त्याची हजेरी, त्याने विचारलेले प्रश्न संसदेच्या संकेतस्थळावर मिळतात. तो मंत्री असेल तर प्रश्न शून्य दिसतील, कारण मंत्री उत्तरं देतो. तो त्याचा दोष धरू नका.

आई, तुला एक विनंती. मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो, पण मोबाइलवरचा थांबत नाही. भीती घालणारे, जातीचा किंवा धर्माचा कैवार घेणारे व्हिडिओ नेमके तेव्हा येतात, कारण खोटं ठरवायला वेळच उरलेला नसतो. म्हणून तुझा निर्णय आणि त्याची तीन कारणं त्याआधीच वहीत लिहून ठेव. नंतर आलेल्या मजकुरात तारीख, ठिकाण आणि मूळ बातमी नसेल तर तो निर्णय हलवू नकोस, पुढेही पाठवू नकोस. कुणी पाकीट किंवा भेटवस्तू घेऊन आलं तर तीही नको. मतासाठी लाच देणं जसा गुन्हा आहे, तसं घेणंही.

‘नोटा’बद्दल, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ या पर्यायाबद्दल, बाबा विचारत होते. २०१३ पासून ते बटण आहे, नाराजी नोंदवायला ठीक. पण लोकसभा-विधानसभेत त्याला सर्वाधिक मतं पडली तरी त्याखालचा उमेदवार निवडून येतो. उमेदवारांत थोडा जरी फरक वाटत असेल तर त्या फरकाला मत द्यावं, असं माझं मत.

यादीतली नावं आजच तपासा. पत्ता किंवा नावात दुरुस्ती असेल तर नमुना ८ भरा, अडलं तर १९५० वर फोन करा. मोठ्या आत्यांना ८५ पूर्ण झाली आहेत, त्यांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं. त्यासाठी नमुना १२ड निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. तो एकदा मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, तेव्हा त्यांना आधी नीट विचारा. लोकसभा-विधानसभेला केंद्रावर बटण दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, चष्मा लावून चिन्ह बघा. आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत दिलेलं निघालं तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे ‘प्रदत्त मत’ मागा, ते कागदी मतपत्रिकेवर घेतात.

उमेदवारी मागे घ्यायची मुदत संपली की आपल्या मतदारसंघातल्या सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं मोठ्या अक्षरांत छापून पाठवते.

तुमची,
लेक