तुला न सांगता

पुणे, २० एप्रिल

प्रिय मंगल,

आधी मनातल्या मनात काय शिव्या घालायच्या त्या घालून घे, मग पुढे वाच. मी चीनला जाऊन आले. चौतीस माणसं, आठ दिवस, बीजिंग, शीआन, शांघाय. तुला सांगितलं नाही. बुकिंग केलं तेव्हाच सांगणार होते, पण तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. शिवाय तुझा पहिला प्रश्न काय असणार हे मला माहीत होतं: "डॉक्टर कोटणीसांच्या कबरीवर जाणार ना?" कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हतं. म्हणून गप्प बसले, मग गप्प बसल्याची लाज वाटून आणखी गप्प. तुझी दोन पत्रं उशाशी तशीच आहेत.

माझी तब्येत बरी. बीपीची गोळी चालू. ह्यांची साखर होती तिथेच आहे.

आता जे सांगायचंय ते. मंगल, मला तिथे काहीच वाटलं नाही गं. हे दुसऱ्या कुणाला सांगू? लेक म्हणेल, पैसे फुकट गेले. हे म्हणतील, दमली असशील. तीस वर्षं दर जूनमध्ये मी फळ्यावर ती भिंत काढली. नागमोडी रेघ, वर दाते, मधे बुरूज. पोरं विचारायची, "बाई, तुम्ही बघितलीय का?" मी म्हणायचे, "निवृत्त झाले की बघणार." आणि बादालिंगला केबल कारमधून उतरून त्या भिंतीवर उभी राहिले तेव्हा डोक्यात एकच विचार: बाथरूम कुठे आहे.

हसू नकोस. आमचं सहा-सात-आठ होतं. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बसमध्ये. टूर मॅनेजर म्हणजे एक तरतरीत पोरगा, हातात काठीला बांधलेला केशरी रुमाल. त्या रुमालामागे आम्ही मेंढरं. भिंतीवर पाऊण तास दिला होता. गर्दी गड्ड्याच्या जत्रेसारखी, फक्त भुईनळे नाहीत. एक पायरी वीतभर, पुढची थेट गुडघ्याला भिडणारी. तुझं ऑपरेशन मला तिथे दर पायरीला आठवलं. आपण बघतो ती बहुतेक भिंत मिंग काळातली, पहिला सम्राट छिन शी ह्वांगची ती नव्हे, हे मी पोरांना दरवर्षी बजावायचे. तिथे शेजारच्या काकांना सांगायला गेले तर ते म्हणाले, "असू दे हो बाई, फोटो काढा."

भिंतीवरून आठवलं. नववीत तू शपथेवर सांगितलं होतंस की ही भिंत चंद्रावरून दिसते. मी नाही म्हटलं म्हणून तू चार दिवस डबा वेगळा खाल्लास. चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई २००३ साली वर जाऊन आला. त्यालासुद्धा दिसली नाही, आणि तो तर चंद्रापर्यंत गेलाही नव्हता. गणिताच्या बाईंनी याची नोंद घ्यावी.

बीजिंगच्या राजवाड्यातही तेच. १४२० साली पुरा झालेला, चोवीस सम्राट तिथे राहिले, हे मला झोपेतही म्हणता येतं. दक्षिणेच्या दारातून आत आणि उत्तरेच्या दारातून बाहेर, मधे एक किलोमीटर रुमाल डोळ्याआड होऊ न देता चालायचं. वेळ सव्वा तास. त्याच दिवशी रेशमाच्या दुकानात दीड तास बसवलं होतं, रजईत रेशीम कसं भरतात ते दाखवायला. माझा संताप झाला, आणि तरी मी एक रजई घेतली. (ह्यांना किंमत सांगितलेली नाही. तूही सांगू नकोस.)

चौकाचौकांत माणसाच्या छातीएवढी धातूची मोठाली पिंपं आहेत, आग लागली तर पाणी हवं म्हणून. बीजिंगच्या थंडीत पाणी गोठायचं, मग पिंपाखाली कोळसे पेटवून ठेवायचे. म्हणजे आग विझवायच्या पाण्याखाली आग! हे ऐकून मी जरा थांबले. राजाच्या सिंहासनापुढे न थांबलेली मी त्या पिंपापुढे थांबले. कुणीतरी पहाटे उठून ते कोळसे पेटवत असेल, त्याला थंडी वाजत असेल. तेवढ्यात "काकू, रुमाल!" अशी हाक आली.

शीआनची मातीची फौज तर माझा हक्काचा धडा. मार्च १९७४ मध्ये शेतकरी विहीर खणत होते आणि मातीतून सैनिक निघाले. म्हणजे आपण चंद्रावरून भांडत होतो त्याच सुमाराला. पहिला खड्डा म्हणजे विमानाच्या हँगरसारखी शेड, कठड्याला माणसांच्या चार रांगा. आमच्यातले एक काका म्हणाले, "आमच्या सोसायटीची सभा अशी भरेल तर काय हवं." सगळे हसले, मीही हसले. पण त्या रांगांनी मला काही केलं नाही. काचेच्या पेटीत एक गुडघा टेकलेला तिरंदाज आहे, त्याच्या मागे जाऊन पाहिलं. बुटाचा तळवा वर आलेला, आणि त्या तळव्यावर टाके! एकेक टाका मातीत कोरलेला, टाचेला आणि चवड्याला दाट, मधे विरळ. हे पुरायचं होतं गं, कुणी बघायचं नव्हतं. मी पुन्हा थांबले. पुन्हा रुमाल.

म्हणजे माझं झालंय काय ते सांग. मोठं काही दिसतच नाही मला. पिंप दिसतं, टाका दिसतो. की फळ्यावरची भिंत इतकी वर्षं काढली की खरीला जागाच उरली नाही? मग मी पोरांना काय शिकवलं? रात्री हॉटेलात हे घोकत पडायचे आणि शेजारच्या पलंगावरच्या ठाण्याच्या बाई घोरायच्या.

ह्युएन त्संगच्या पॅगोड्याला वीस मिनिटं मिळाली. इथून नेलेल्या पोथ्यांसाठी ६५२ साली बांधलेला. आपल्या लोकांबद्दल त्याने लिहिलंय ना, उपकार विसरत नाहीत आणि अपमान केल्यास सोडत नाहीत. दुसरं तुझ्यावरून लिहिलं असावं.

आता मधलं, मुद्दाम मागे ठेवलेलं. बीजिंगहून शीआनला आगगाडीने गेलो. गाडी खचाखच. गाइड म्हणाली, छिंगमिंगची सुट्टी आहे, लोक गावी जाऊन पूर्वजांच्या कबरी झाडतात. समोर एक म्हातारी पिवळ्या शेवंतीची जुडी मांडीवर घेऊन बसली होती. दीड-एक तासाने पाटीवर नाव आलं. शिच्याच्वांग.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मंगल, आपले कोटणीस, युद्धात चिनी जखमींवर उपचार करायला गेलेले, तिथेच पुरलेले आहेत. भैय्या चौकातल्या त्यांच्या घरासमोरून शाळेत जाताना तू चप्पल काढून नमस्कार करायचीस आणि मी चिडवायचे. "मी डॉक्टर होऊन कबरीवर फूल वाहून येणार," तू म्हणायचीस. बापूंनी तुला डीएडला घातलं, तो विषय आपण परत काढला नाही. बत्तीस वर्षांचं आयुष्य त्या माणसाचं. सोलापुरातून निघून १९४२ मध्ये तिथल्या खेड्यात मेला. आणि मी रजई घेऊन खिडकीत बसलेली.

गाडी दोन मिनिटं थांबली. मी उठले आणि उतरले. शेवंतीवाली म्हातारीही उतरली. फलाटावर मी चप्पल काढली. चप्पल काय, ते स्पोर्ट्स शूज, नाडीची गाठ सुटेना, एकच निघाला. तशीच एक पाय मोज्यात ठेवून हात जोडले. मॅनेजर दारातून ओरडत होता, "काकू, काकू!" ते पोरगं रडकुंडीला आलं होतं. मी चढले आणि दार मिटलं. त्यानंतर शीआनपर्यंत मी रडत होते. ठाण्याच्या बाईंनी खाकरा पुढे केला.

घरी आल्यावर लेकाने नकाशा काढून दाखवला. शहीदांची दफनभूमी स्टेशनच्या उत्तरेला. माझं तोंड तेव्हा कुठे होतं देव जाणे, बहुतेक समोरच्या बिस्किटांच्या यंत्राकडे.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतेस का? पिंकीचं पक्कं झालं की अजून बघाबघी? नलूला सांग, शेंगाचटणी चीनमध्ये चौतीस जणांनी दोन दिवसांत संपवली.

फोन करू नकोस. फोनवर तू रागावत नाहीस, नुसतं "बरं" म्हणतेस. पत्र लिही, आणि शिव्या सविस्तर लिही.

तुझी,
शैला

ता.क. चंद्रावरून भिंत दिसते का, यावरची भज्यांची पैज मी जिंकले आहे. बावन्न वर्षांचं व्याज तूच काढ, गणित तुझं.