शोध भांड्याचा नव्हे, झडपेचा

रविवारच्या पुरवणीतील प्रेशर कुकरवरचा लेख वाचला. त्यात कुकरला विसाव्या शतकाची देणगी म्हटले आहे, ते पटले नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ यांनी १६७९ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे घट्ट झाकणाचे असे भांडे सादर केले होते. १६८२ मध्ये सोसायटीच्या सदस्यांनी त्यात शिजवलेले जेवणही घेतले; हाडेसुद्धा चीजसारखी मऊ झाल्याची नोंद सोसायटीचे सदस्य व लेखक जॉन एव्हलिन यांच्या रोजनिशीत आहे. (आजचे कुकरही एवढे करतील का, शंकाच आहे.) पण पापँ यांचे खरे कर्तृत्व तरफ आणि वजन लावलेल्या सुरक्षा-झडपेत आहे. वाफ कोंडणे सोपे. ती नेमक्या दाबाला सोडणे अवघड. हीच झडप पुढे वाफेच्या बॉयलरवरही बसली. लेखात तिचा साधा उल्लेखही नसावा?

– एक वाचक